राख कुठं पडते?

यवतमाळच्या भाजी मंडीत "बटाटे द्या" म्हणणारा माणूस पाहुणा ठरतो. इकडं आलू म्हणायचं. आलूबोंडा, आलूची भाजी, आलूचे पापड. 'बटाटा' हा पोर्तुगीजांच्या तोंडचा शब्द. तो कोकणच्या किनाऱ्यावर उतरला, घाट चढला आणि पुण्याकडं रुळला. वऱ्हाडात हिंदी मुलखाच्या शेजारामुळं 'आलू'च मुरला. मी घरात आलू म्हणतो आणि लिहिताना बटाटा, तेव्हा या लेखात दोन्ही येतील.

"कशाले पायजे?" आलूवाल्यानं विचारलं.

"भाजायला."

"मंग वांगे घ्या ना."

मी खुलासा केला. आलूच भाजायचा आहे, अख्खा, सालासकट, एअर फ्रायरमध्ये. तो हसला नाही. समोरच्या ढिगावर त्यानं हात ठेवला आणि म्हणाला, "मंग हा नका नेऊ. हा कोल्डचा माल आहे, गोड लागते. वरून काया पडन, अंदर तसाच. चिप्सवाला पाहा."

पोरीनं मागच्या दिवाळीत पुण्याहून आणलेलं ते काळं, अंडाकृती यंत्र आमच्या ओट्यावर वर्षभर आहे. पहिले दोन महिने त्यात पापड भाजले गेले, पुढं ते ब्रेड ठेवायचा डबा झालं. ओळखीच्या घरांत डोकावलो, तर बहुतेक ठिकाणी हीच कथा. एका घरी त्यात शेंगदाणे भाजतात, एका घरी समोसे गरम करतात, एका घरी ते अजून खोक्यात आहे. त्यात भाजलेला अख्खा बटाटा मात्र जिथं जिथं केला गेला, तिथं तो पुन्हा केला गेला. हे असं का, याचा शोध घ्यायला मी निघालो होतो. पहिला धडा मंडीतच मिळाला.

*

आलूवाल्याचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. उत्तरेकडचा मुख्य बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि शीतगृहात जातो. खायचा बटाटा दोन ते चार अंश तापमानात ठेवला की त्याला कोंब फुटत नाहीत, पण त्या गारठ्यात त्याच्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होते. हा बटाटा भाजला की साखरेमुळं साल लवकर काळवंडते, आणि आत पीठ कमी असल्यानं गर चिकट राहतो. दिवाळीच्या सुमारास बाजारात हाच जुना माल असतो, नाहीतर पातळ सालीचा, पाण्यानं भरलेला नवा. म्हणजे भाजायच्या दृष्टीनं दिवाळी हा अडचणीचाच हंगाम.

त्यावर उपाय आहे. कोल्डचा बटाटा घरी आणून दोन-तीन आठवडे साध्या तापमानात, अंधारात ठेवला, तर त्यातली बरीचशी साखर वापरली जाते, काहीची पुन्हा स्टार्च होते. उजेडात ठेवायचा नाही. उजेडानं साल हिरवी होते आणि हिरव्या सालीसोबत सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढतं. वेफरच्या कारखान्यांसाठीचा बटाटा म्हणूनच मुळात दहा-बारा अंशांवर ठेवतात. तो गोड होत नाही.

जातीचाही प्रश्न आहे. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं काढलेल्या जातींच्या नावापुढं 'कुफरी' लागतं. शिमल्याजवळच्या गावाचं हे नाव. कुफरी पुखराज पिवळसर, रसाळ, रश्श्याला उत्तम आणि भाजायला ओला. १९९८ साली आलेली कुफरी चिपसोना पिठूळ, वेफरसाठीच घडवलेली. या यादीत एक मराठी नावही आहे, कुफरी लवकर. दख्खनच्या पठारासाठी काढलेली ही जात लवकर तयार होते, म्हणून 'लवकर'. महाराष्ट्रात बटाटा पिकतो तो मंचर, खेड, सातारा या बाजूला. आमची जमीन काळी, चिकण, कपाशीची. बटाट्याला भुसभुशीत माती आणि थंड रात्री लागतात. यवतमाळात तो कायम बाहेरूनच आला.

मंडीत जातीचं नाव कोणी लिहून ठेवत नाही. तेव्हा घरी एक परीक्षा करायची. एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवायचं आणि बटाटे सोडायचे. बुडतो तो पिठूळ, भाजायचा. तरंगतो तो ओला, त्याची भाजी. त्या दिवशी मी आणलेल्या आठांपैकी पाच बुडाले. ते पाचही आलूवाल्यानं हातानं उचलून दिलेले होते.

*

यंत्राला फ्रायर म्हणत असले तरी त्यात काही तळलं जात नाही. फ्रेड व्हॅन देर वेय या डच माणसाला घरच्या घरी कुरकुरीत फ्रेंच फ्राइज हव्या होत्या. त्याच्या खटपटीतून हे यंत्र निघालं आणि २०१० साली फिलिप्सनं ते बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलं. वर तापणारी तार, तिच्या मागं पंखा, खाली जाळीची टोपली. एवढंच. विद्युतभट्टी लहान केली आणि तिच्यात वारा सोडला, की एअर फ्रायर होतो.

पण हा वारा काय करतो, हे यवतमाळकराला सांगावं लागत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. दारोदारी कूलर असतात. कूलरचा पंपही चालू असेल तर ताट्या ओल्या राहतात, त्यांतलं पाणी उडतं आणि खोली गार होते. पंप बंद पडला आणि पंखा तेवढा चालू राहिला, की तोच कूलर घरात लू ओढून घेतो. एअर फ्रायर म्हणजे पंप बंद पडलेला कूलर, बाहेर दोनशे अंशांचा मे महिना.

बटाट्याची गोष्टही इथंच उलगडते. धुऊन तसाच ओला बटाटा आत टाकला, तर तो काही काळ कूलरच्या ताटीसारखा वागतो. सालीवरचं पाणी उडण्यात उष्णता जाते आणि तोवर साल शंभर अंशांच्या वर चढत नाही. साल खमंग व्हायला मात्र तिला एकशेचाळीसच्या पुढं जावं लागतं. म्हणून धुतलेला बटाटा फडक्यानं पुसून तास-दोन तास पंख्याखाली वाळवायचा. आत वेगळं काम चालतं. साठ-सत्तर अंशांना स्टार्चचे कण तिथलंच पाणी पिऊन फुगतात, गर शंभरच्या जवळ पोचला की पेशी एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा भुसभुशीत होतो. बाहेर कोरडं आणि आत ओलं, दोन्ही एकाच वेळी. कुकरमध्ये हे कधीच साधत नाही. तिथं आतबाहेर वाफच असते.

*

इथं मला आमची चूल आठवली. तिच्या ज्वाळेपेक्षा तिची राख जास्त.

कळंबकडच्या आमच्या गावी संध्याकाळच्या भाकरी उरकल्या की चुलीत पऱ्हाटीचा आर उरायचा. कपाशी निघून गेल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी, आमचं सरपण. आर राखेखाली मंद धुमसत राहायचा. त्यात कोणीतरी दोन आलू, एखादं वांगं, महाशिवरात्रीला रताळी सारून द्यायचं. पोरांची जेवणं होईतो ते भाजून निघायचे. राख झटकायची, फुंकर मारायची आणि हाताची अदलाबदल करत करपलेली साल सोलायची.

मराठीत दुर्दैवाला 'आगीतून फुफाट्यात' म्हणतात. फुफाटा म्हणजे तापलेली राख. माणसाचं जे दुर्दैव, तेच बटाट्याचं भाग्य. ज्वाळेवर तो बाहेरून कोळसा होतो आणि आत कच्चा राहतो. फुफाट्यात चहूबाजूंनी सारखी, कोरडी, धीमी ऊब मिळते. रोडगे याच तत्त्वावर होतात. जाडसर कणकेच्या पोळ्या एकात एक गुंडाळून केलेले ते गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. शेतात, देवळाच्या आवारात, नवस फेडायला, विदर्भात रोडग्यांच्या पंगती अजून उठतात. बटाट्याच्या माहेरीही हेच. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात बटाटा काढणीच्या दिवशी शेतातल्याच ढेकळांचा घुमट रचतात, आत आग पेटवून ढेकळं तापवतात, आग ओढून काढतात, बटाटे टाकतात आणि घुमट त्यांच्यावर पाडतात. त्याला ते हुआतिया म्हणतात. आमच्या शेतकऱ्याला ती कृती सांगितली तर तो मान डोलावेल, फक्त गोवऱ्या कुठं गेल्या एवढं विचारेल.

मग गॅस आला. शहरात आधी, खेड्यात सावकाश. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर ज्या घरांत चुलीशिवाय काही नव्हतं तिथंही शेगडी पोचली. त्याबद्दल तक्रार करायची माझी छाती नाही. चुलीतून मला भाजलेला आलू मिळाला, आईला खोकला मिळाला. आरात बटाटा ठेवणारा तो 'कोणीतरी' कोण होता, हे मी लिहिता लिहिता स्वतःला विचारलं. ती आईच असायची, धुरात बसलेली. मी खाणाऱ्यांत होतो.

पण एक गोष्ट नोंदवायला हवी. गॅसनं आपल्याला ज्वाळा दिली, कुकरनं वाफ दिली, फुफाटा मात्र दोघांनीही दिला नाही. शेगडी बंद केली की ती थंड. स्वयंपाकानंतर उरणारी, कोणाच्या हिशेबात नसलेली ती ऊब गेली आणि तिच्यासोबत अख्खी वस्तू सालासकट भाजण्याची रीतही गेली. वांगं तेवढं ज्वाळेवर धरता येतं म्हणून भरीत वाचलं. आलू कुकरमध्ये गेला. तीस-चाळीस वर्षं आमच्या मध्यमवर्गीय घरांत आलू एक तर उकडला गेला, नाहीतर तळला गेला. एअर फ्रायरमधला बटाटा लोक पुन्हा पुन्हा करतात त्याचं कारण मला इथं सापडलं. परदेशी पदार्थ म्हणून तो आवडत असेल असं मी धरून चाललो होतो. तो आवडतो कारण जीभ त्याला ओळखते.

*

आता कृती, कारण दिवाळी अंक शेवटी स्वयंपाकघरातच जातो.

दीडशे ते दोनशे ग्रॅमचे, एकसारख्या आकाराचे चार आलू. एक मोठा, एक लहान घेतला तर एक करपतो आणि एक कच्चा राहतो. धुवायचे, वाळवायचे. काट्यानं सहा-सात ठिकाणी टोचायचे. आतल्या वाफेला वाट मिळाली नाही तर बटाटा फुटू शकतो, आणि फुटला की ती टोपली घासायला अर्धा दिवस जातो. चारांना मिळून चमचाभर तेल चोळायचं, वर जाडं मीठ. दोनशे अंशांवर वीस मिनिटं, मग उलटवून आणखी वीस. विणायची सुई मधोमध आरपार अडखळल्याशिवाय गेली की झालं. नाहीतर पाच-पाच मिनिटं वाढवत न्यायचं. टोपलीत दाटी करायची नाही, वाऱ्याला फिरायला जागा हवी.

बाहेर काढल्याबरोबर वरून फुलीसारखा छेद द्यायचा आणि दोन्ही बाजूंनी दाबायचं. वाफ भसकन बाहेर पडते. ती आत राहिली तर पुन्हा पाणी होते आणि गर लगदा होतो.

ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळू नका. कागदात बटाटा वाफतो, भाजत नाही. आणि कागदात गुंडाळलेला भाजका बटाटा बाहेर तसाच ठेवणं धोक्याचं. अमेरिकेत एल पासो इथं १९९४ साली अशाच ठेवलेल्या बटाट्यांपासून केलेल्या चटणीतून तीस जणांना बोट्युलिझमची बाधा झाली होती. उरलेला बटाटा उघडा गार करून फ्रिजमध्ये. रंग सोनेरीवर थांबवायचा. स्टार्चचे पदार्थ फार करपवले की ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. आणि मधुमेह असलेल्यांसाठी एक वाक्य: या यंत्रानं तेल कमी होतं, बटाट्यातलं पीठ तेवढंच राहतं.

त्यावर काय घालायचं? परदेशात लोणी, चीज, आंबट साय. आमच्या घरी जवसाची चटणी, कच्चं तेल, बारीक कांदा आणि भरपूर सांभार. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी, सांभार म्हणजे कोथिंबीर. तुमच्या सांबाराशी त्याचा संबंध नाही. नवरात्रात दही, शेंगदाण्याचा कूट, सैंधव. दूरदेशीचा कंद आपल्या उपासाला चालतो, तर दूरदेशीचं यंत्र चालायला काय हरकत!

विजेचं बघा. ही यंत्रं साधारण दीड हजार वॅटची. म्हणजे साडेसहा अँपिअर, साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटच्या पलीकडं. मी पहिल्या आठवड्यात ते मोबाइलच्या एक्स्टेंशनवर लावलं आणि वितळल्या प्लास्टिकच्या वासानं घर भरून टाकलं. चूक माझी होती. दुरुस्तीवाल्यानं जळकं सॉकेट हातात धरून मला विचारलं, "कूलर यावर लावता का? नाई ना? मंग हे त कूलरचा बाप आहे." आता ते गीझरच्या पॉवर प्लगवर चालतं.

रोडगेही करून पाहिले. लहान गोळे, एकशेऐंशी अंश, पंचवीस मिनिटं. कवच छान खुटखुटीत झालं, आतले पदर सुटले, तुपात डुंबले. पण तोंडात घातल्यावर सगळ्यांना एकच गोष्ट जाणवली. राखेचा, गोवरीचा तो वास नव्हता. पानात रोडगा होता, त्याच्यामागचं शेत नव्हतं.

*

कोजागिरीनंतर मोठी माय गावाहून डोळे दाखवायला आली. ऐंशीच्या पुढं वय, धुरानं आणि मोतीबिंदूनं अधू झालेली नजर. मी चार आलू लावले. ती खुर्ची ओढून त्या यंत्रासमोर बसली, चुलीसमोर बसायची तशीच. मधूनमधून त्याच्या पाठीशी हात नेऊन गरम वाऱ्याचा अंदाज घेत होती.

घंटी वाजली. आलू फोडून दिला. तिनं आधी वास घेतला, मग साल दातांखाली धरली.

"आरातलाच लागते बाप्पा," ती म्हणाली. थोडं थांबून, "धूर नाई तेवढा."

मग ती वाकली, ओट्यावर, यंत्राच्या खाली हात फिरवून पाहिला आणि विचारलं, "अन् बाबू, याची राख कुठं पडते?"

मला हसू आलं. राख नसते, मोठी माय, हे विजेवर चालते. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. तिच्या घरी राख वाया जात नसे. भांडी राखेनं घासली जायची, बियाण्याला राख लागायची, उरलेली उकिरड्यात आणि तिथून वावरात. पऱ्हाटी ज्या वावरातून आली, तिथंच तिची राख परत. आता पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर आणि घरामागं रचू नका म्हणून कृषी खातं सांगतं, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते. सरपणच गेलं तिथं राख कुठली! पण जळणाऱ्या वस्तूची राख होते, एवढं तिला पक्कं माहीत होतं, आणि समोर काहीतरी तापलेलं होतं.

रात्री झोपताना तो प्रश्न माझ्यासोबत राहिला. राख पडतेच. फक्त आमच्या ओट्याखाली पडत नाही. याच जिल्ह्याच्या एका टोकाला वणी आहे. तिथल्या खाणींतून कोळसा निघतो आणि वीजकेंद्रांकडं जातो. शेजारच्या जिल्ह्यात चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र आहे, २,९२० मेगावॅटचं, राज्य सरकारच्या वीजकेंद्रांतलं सर्वांत मोठं. माझ्या सॉकेटमधली वीज नेमकी कुठली, हे कोणालाच वेगळं काढून दाखवता येणार नाही. जाळ्यात पाण्याची, उन्हाची, कोळशाची वीज एकत्र वाहते. पण कोळशाची एक युनिट वीज करायला सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. एअर फ्रायर चाळीस मिनिटं सलग तापत राहिला तर एक युनिट. तार मधूनमधून बंद होते म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. हिशेब कागदावर केला. चार आलूंची एक फेरी, कोळशाच्या विजेवर, म्हणजे वाटीभर राख.

चुलीतूनही एका वेळी साधारण तेवढीच निघत असेल. फरक असा, की ती राख मोठी माय स्वतःच्या हातानं काढायची, त्यामुळं तिला तिचं माप ठाऊक होतं. आणि तो धूर तिच्याच डोळ्यांत जायचा. आमचा धूर आणि राख चंद्रपूरकडच्या कोणाच्या तरी अंगणात उतरते. चूल गेली, असं आपण म्हणतो. ती फक्त घराबाहेर, शंभराहून जास्त किलोमीटर दूर सरकली आहे.

यातून एअर फ्रायर फेकून द्या असं निघत नाही. आईच्या खोकल्याची किंमत देऊन मला आरातला आलू नको आहे. निघतं ते एवढंच, की एका आलूसाठी यंत्र लावायचं नाही, चार बसतात तर चार लावायचे. आणि बंद केल्यावर आत जी ऊब उरते तिच्यात मूठभर शेंगदाणे टाकून ठेवायचे. स्वयंपाकानंतरची ती उरलेली ऊब वापरायची सवय चुलीनंच लावली होती.

सकाळी मोठी माय परत जायला निघाली. मी तिला खरं काय ते सांगितलं. राख पडते, चंद्रपूरकडं पडते.

तिनं पदर खोचला, पिशवी उचलली.

"मंग भांडे त्यायचे लय साजरे निंगत असन," ती म्हणाली.